कोरी पाटी

जूनच्या मध्याला महाराष्ट्रातील बहुतेक शाळा उघडतात. शिक्षक टाचणवही, वेळापत्रक, हजेरीपट सिद्ध करतात. हजेरीपटावर नावे उतरवताना मागील वर्गाचे शिक्षक सहज सांगून जातात, ‘हा मठ्ठ, तो द्वाड!’

ही माहिती की निवाडा? मुलाची अडचण सांगणे वेगळे, त्याच्यावर शिक्का मारणे वेगळे. अमेरिकेत रोझेंथाल व जेकबसन यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, केवळ योगायोगाने निवडलेली मुले ‘पुढे चमकतील’ असे शिक्षकांना सांगितले होते. लहान वर्गांतील अशी मुले खरोखरच पुढे सरकली. निष्कर्षांवर वाद झाले, तरी प्रश्न उरतोच.

सुट्टीत मूल वाढलेले असते. आपले मत मात्र एप्रिलमधलेच राहते. म्हणून पहिल्या दिवशी कोरी पाटी आधी शिक्षकानेच आणावयास हवी.