भाकर कोणाची?

खादाडपणा हे सात प्रमुख पापांपैकी एक, असे धर्मशिक्षणात आपण शिकलो. परंतु पहाटेच्या विरार लोकलने कामावर जाऊन रात्री परतणारा कष्टकरी वडापाववर दिवस काढतो, त्याला खादाड कसे म्हणावे? फळफळावळ त्याच्या खिशाला परवडत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारताच्या शहरी भागातील सुमारे ३३ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या, तर पाच वर्षांखालील सुमारे ३० टक्के बालके वाढ खुंटलेली आढळली. केवळ जिभेला दोष देऊन आपली सुटका नाही. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण भाकर मागतो ती ‘माझी’ नव्हे, ‘आमची’. म्हणून आपल्या घरी राबणाऱ्या बाईला पुरेसे वेतन आणि दोन घास निवांत खाण्याची उसंत देणे, हा दानधर्म नसून न्याय आहे.