पहिल्या धक्क्याचा सब्र

सर्व स्तुती अल्लाहसाठी, ज्याने माणसाला देह दिला, देहात श्वास घातला आणि त्या श्वासाचा हिशेब आपल्याकडे राखून ठेवला. दरूद व सलाम प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, त्यांच्या परिवारावर आणि सर्व सहाबांवर.

बंधू-भगिनींनो, बिडी-सिगारेट वाईट आहे हे ओढणाऱ्याला इतरांपेक्षा अधिक ठाऊक असते. पाकिटावर ते चित्रासह छापलेले आहे, पहाटेच्या खोकल्यात ते ऐकू येते. आपल्या गव्हाण परिसरात न्हावा-शेवा बंदराकडे रात्रंदिवस कंटेनर धावतात. रांगेत तासन्‌तास थांबणे, रात्रपाळी, नाक्यावरचा चहा आणि चहासोबत एक सिगारेट असा अनेकांचा दिनक्रम झाला आहे. सुट्या सिगारेटी व बिड्या विकण्यास राज्यात २०२० पासून मनाई आहे. तरी एकच सिगारेट मागणारा हात आणि ती देणारा हात अजून थांबलेला नाही. म्हणून आज प्रश्न असा घेऊ या की, ज्याने अल्लाहसाठी ही सवय सोडण्याचा निश्चय केला, त्याने पहिले काही दिवस कसे काढावेत?

प्रथम हुकमाविषयी थोडक्यात. तंबाखू ही वस्तू प्रेषितांच्या काळी अरबस्थानात नव्हती. ती आली तेव्हा फुकहांमध्ये मतभेद झाले. कोणी मुबाह म्हटले, कोणी मकरूह, तर कोणी हराम. तिची हानी तेव्हा आजच्यासारखी सिद्ध झालेली नव्हती. आज ती सिद्ध आहे आणि म्हणूनच आपल्या काळातील अनेक उलेमा तिला हराम ठरवतात. सूरह अल्-बकराच्या १९५ व्या आयतीत स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटण्यास मनाई आहे. सूरह अन्-निसाच्या २९ व्या आयतीत स्वतःचा जीव घेण्यास मनाई करून लगेच स्मरण दिले आहे की, अल्लाह तुमच्यावर दयाळू आहे. मनाई आणि दया एकाच आयतीत आहेत, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याची गरज पडेल.

इतिहासातील दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहू. मुघल दरबारात तंबाखू पोहोचली ती आपल्या दख्खनमधून. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग या अधिकाऱ्याने ती विजापुराहून आणून अकबरापुढे ठेवली. शाही हकिमाने या अपरिचित वस्तूपासून दूर राहण्याचा सल्ला दिला, तरी तिचा प्रसार थांबला नाही. १६१७ मध्ये जहांगीरने फर्मान काढून मनाई केली; तीही टिकली नाही. दुसरा प्रसंग मदिनेचा. हजरत अनस (रजि.) हे हजरत अबू तल्हा (रजि.) यांच्या घरी पाहुण्यांना मद्य वाढत होते. बाहेर पुकारा झाला की मद्य हराम झाले आहे. चौकशी नाही, मुदतीची मागणी नाही. मद्य ओतून देण्यात आले आणि ते मदिनेच्या गल्ल्यांतून वाहिले.

बादशहाचे फर्मान हरले आणि एका पुकाऱ्याने मदिना बदलली, हे कसे घडले? हजरत आयशा (रजि.) यांनी याचे मर्म सांगितले आहे. आधी जन्नत आणि जहन्नमच्या आयती अवतरल्या, अंतःकरणे ईमानावर स्थिरावली, मग हलाल-हरामचे हुकूम आले. पहिलाच हुकूम मद्य सोडण्याचा असता, तर लोकांनी नकार दिला असता. मद्याविषयीही आधी हानी लाभाहून मोठी असल्याचे सांगितले गेले, मग नशेत नमाजजवळ जाण्यास मनाई झाली, मग अंतिम हुकूम आला. यातून बोध घ्यायचा तो हा की, हात थांबण्यापूर्वी मन तयार व्हावे लागते. मात्र तयारीच्या नावाखाली वर्षे घालवू नयेत. दिवस ठरवा, घरात सांगा, खिशातले पाकीट आणि लायटर टाकून द्या, आणि त्या दिवशी फजरनंतर नियत करा की हे मी माझ्या रबसाठी सोडत आहे.

आता शरीराचे काय होते ते समजून घ्या. न समजलेले दुःख दुप्पट भासते. शेवटच्या सिगारेटनंतर काही तासांतच शरीर निकोटीन मागू लागते. चिडचिड, अस्वस्थता, झोप न लागणे, लक्ष न लागणे, भूक वाढणे असे त्रास सुरू होतात. सामान्यतः दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते शिगेला पोहोचतात आणि पुढच्या दोन ते चार आठवड्यांत ओसरत जातात. त्याच वेळी आत सुधारणाही चालू असते. धुरातून रक्तात गेलेला विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू दिवसभरात बराचसा निघून जातो. तिसऱ्या दिवशी ज्याला वाटते की आपण मोडत चाललो आहोत, तो वस्तुतः चढणीच्या माथ्यावर उभा असतो. पुढे उतार आहे.

कबरीपाशी रडणाऱ्या एका स्त्रीला प्रेषितांनी (स.) सब्र करण्यास सांगितले. तिने त्यांना ओळखले नव्हते. तिने त्यांना दूर व्हायला सांगितले. नंतर ओळख पटल्यावर ती त्यांच्या दारी आली, तेव्हा प्रेषितांनी (स.) तिला समजावले की, खरा सब्र तोच, जो पहिल्या आघाताच्या वेळी केला जातो. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. महिन्यानंतर तलफ बरीचशी ओसरलेली असेल. तेव्हा न ओढण्यात सब्र तो किती? सब्राचे मोल या तीन दिवसांतच आहे. व्यसनी माणूस या दिवसांना शिक्षा समजतो. मोमिनाने ती कमाईची वेळ समजावी.

हे दिवस काढण्याचे मार्ग आपल्या दीनमध्येच आहेत. तलफेची तीव्र लाट बहुधा काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ काढायचा आहे; जन्मभराचा विचार त्या क्षणी करू नये. लाट आली की उठा, शांतपणे वुजू करा, मकरूह वेळ नसेल तर दोन रकात नफल पढा. सूरह अल्-बकराच्या १५३ व्या आयतीत सब्र आणि नमाज यांच्याद्वारे मदत मागण्याचा आदेश आहे. हाताला आणि तोंडाला चाळा हवा असतो, त्यासाठी मिस्वाक आहे; मुखाची शुद्धी आणि रबची प्रसन्नता हे दोन्ही लाभ प्रेषितांनी (स.) त्यात सांगितले आहेत. झोप न आली तर कुढत पडू नका, तहज्जुदला उठा. काही दिवस नाक्यावरची टपरी टाळा, चहा घरी किंवा मशिदीच्या सोबत्यांबरोबर घ्या. बिडीऐवजी गुटखा, मिश्री किंवा तंबाखूची चिमूट धरू नका. ते एका विहिरीतून निघून दुसरीत पडणे होय.

आणि रमजान आठवा. तेरा-चौदा तास जो माणूस धुराविना राहतो, त्याला आपल्याला जमत नाही असे म्हणण्याचा आधार उरत नाही. त्याला जमते, तो इफ्तारनंतर परत जातो, एवढेच.

औषध घेणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. प्रेषितांनी (स.) उपचार घेण्याची शिकवण दिली आहे. निकोटीनचे च्युइंगम मिळते. हृदयरोगी व गर्भवती यांनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, आणि रोज्यात ते चघळू नये, इफ्तारनंतर घ्यावे. १८००-११-२३५६ हा सरकारी निःशुल्क क्रमांक तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो. ज्या पाकिटाने गुंतवले त्याच्यावरच सुटकेची वाट लिहिली आहे.

एका गोष्टीपासून मात्र कळकळीने सावध करतो. आवेशात शपथ घेऊ नका. शपथ मोडली तर सूरह अल्-माइदाच्या ८९ व्या आयतीप्रमाणे कफ्फारा येतो: दहा गरिबांना जेवण किंवा वस्त्र, अथवा गुलामाची मुक्तता, आणि ते सामर्थ्य नसेल तर तीन रोजे. याहून भयंकर म्हणजे, काही जण म्हणून बसतात की पुन्हा ओढली तर बायकोला तलाक. अल्लाहची पनाह! आपल्या कोकणातील शाफई असोत की हनफी, दोन्ही मजहबांच्या फुकहांनी अशा सशर्त शब्दांना गंभीर मानले आहे. अट घडली की तलाक पडण्याचा प्रश्न उभा राहतो. एका सिगारेटवर घर, मुले आणि एका निरपराध स्त्रीचे आयुष्य टांगणीला लावणे हा जुलूम आहे. ज्याच्या तोंडून असे शब्द गेले असतील, त्याने स्वतः निवाडा न करता ताबडतोब मुफ्तींकडे जावे.

कंटेनर चालवणाऱ्या एका बांधवाने मला विचारले होते, "मौलाना, दोन दिवस काढले आणि तिसऱ्या रात्री रांगेत ओढली. माझी तौबा वाया गेली का?" त्यांना जे सांगितले तेच येथे लिहितो. तौबेसाठी पश्चात्ताप हवा, ते कृत्य थांबवणे हवे आणि पुन्हा न करण्याचा निश्चय हवा. त्या क्षणी हे तिन्ही मनापासून होते, तर ती तौबा खरी होती. नंतरची चूक तिला मागे जाऊन पुसत नाही. नव्या चुकीसाठी नवी तौबा करायची. पडलेल्या माणसाच्या कानात शैतान सांगतो, एक ओढलीसच, आता पाकीट संपव. धोका त्या एका सिगारेटपेक्षा या वाक्यात अधिक आहे. तेथेच थांबा, वुजू करा आणि त्याच रात्रीपासून पुन्हा मोजा. ज्या आयतीत मनाई होती, तिच्यातच दयेचे स्मरण होते.

माता-भगिनींनो, तुमचाही यात वाटा आहे. या दिवसांत घरातला पुरुष तुटक बोलेल. त्याला माझे सांगणे असे की, प्रेषितांनी (स.) कुस्तीत पाडणाऱ्याला नव्हे, तर रागाच्या वेळी स्वतःला आवरणाऱ्याला बलवान म्हटले आहे, शरीराच्या त्रासाचे बिल बायको-मुलांवर फाडण्याचा अधिकार कोणालाही नाही. आणि तुम्हाला विनंती अशी की, "बघू किती दिवस टिकतं" हे वाक्य आठवडाभर तरी ओठांवर आणू नका. जमातीनेही मदत करावी. लसूण-कांद्याच्या वासासह मशिदीत येण्यास मनाई आहे, म्हणून धुराचा वास घेऊन येऊ नये हे खरे. पण सोडू पाहणाऱ्याला सफीत हिणवू नये. इशानंतर कोणी दहा मिनिटे त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत गेले, तरी नाक्यावरची टपरी मागे पडते.

हे अल्लाह, जे तुझ्यासाठी ही सवय सोडत आहेत, त्यांना पहिल्या धक्क्याच्या वेळी सब्र दे. जे पडले, त्यांना निराश होऊ देऊ नकोस. आमचे श्वास तुझ्या स्मरणात खर्च होवोत. आमीन.