देवदैत्यांचा धुरा

गेल्या वर्षीच्या एका दिवाळी अंकात पुण्याच्या एका विद्वान समीक्षकांनी मराठी कल्पितकथेचं शवविच्छेदन केलं. त्यांचं नाव घेत नाही. घेतलं तर ते पुढल्या दिवाळीत उत्तर लिहितील आणि संपादकांना दोघांचंही मानधन लागेल. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : ताऱ्याताऱ्यांवर राज्य करणारे, आपापल्या रक्तातले गुणदोष घेऊन लढणारे वंश कल्पावेत, त्यांचे तट पाडावेत आणि हजार पानांचं विश्व उभं करावं ही ताकद मराठीत कधी नव्हती, आणि आता येणारही नाही. कारण जगभर असल्या वंशांवरच संक्रांत आली आहे. राक्षस जन्मतः दुष्ट नसेल तर त्याला मारायचं कशाला, आणि मारायचं नसेल तर कादंबरी लिहायची कशाला? जाता जाता त्यांनी वऱ्हाडालाही एक टोला हाणला. कापूस आणि कर्ज यांपलीकडे ज्या मातीला काही सुचत नाही, तिच्याकडून आकाशगंगेची अपेक्षा कोण करणार?

मी राहतो नांदगाव खंडेश्वरला. तेव्हा टोला बसला, आणि हा लेख त्याच्याच परतफेडीसाठी आहे.

आधी आकाशाचं बघू. वऱ्हाडात आकाश खरोखरच कोसळलेलं आहे. लोणारचं विवर उल्कापातानं झालेलं. काळ्या बेसाल्ट खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा, त्यात खारं पाणी. लोकांनी त्या खड्ड्याला कथाही जोडली. इथे जमिनीखाली लवणासुर राहत होता, विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं वरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. त्या विष्णूचं, दैत्यसूदनाचं, कोरीव देऊळ लोणार गावात आहे. या कथेतली एक गोष्ट मला फार दिवस छळते. मार वरून, बाहेरून आला, हे कथेला बरोबर ठाऊक आहे. पण दोषी कोण ठरला? जो खाली राहत होता तो. पुण्याजवळ असा खड्डा नाही, त्यामुळे समीक्षकांना हा प्रश्न पडला नसावा.

आता त्यांची संक्रांत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा एक खेळ १९७४ पासून अमेरिकेत चालत आला आहे. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र घेतो, त्याचा वंश निवडतो : एल्फ, बुटका, ऑर्क. वंशाप्रमाणे जन्मतःच काही गुण पदरात पडतात, कुणाला बळ, कुणाला चपळाई. मग फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. २०२२ च्या डिसेंबरात कंपनीनं जाहीर केलं की, ‘वंश’ हा शब्द आम्ही काढतो आहोत, यापुढे ‘प्रजाती’ म्हणू. २०२४ च्या नव्या नियमपुस्तकात ते गुणही जन्मावरून काढले आणि पात्राच्या पूर्वायुष्याला, त्याच्या कामधंद्याला जोडले. यावर तिकडे महाभारत झालं. एक पक्ष म्हणाला, उशिरा का होईना, शहाणपण सुचलं. दुसरा म्हणाला, खेळाचा आत्माच गेला. आमचे समीक्षक दुसऱ्या पक्षाचे.

मला नवल एवढंच वाटतं की, जन्मावरून गुण वाटणारं कोष्टक त्यांना परदेशी चीज वाटावी. मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडावा. ब्राह्मण बाप आणि वैश्य आई असेल तर अंबष्ठ, काम वैद्यकी. क्षत्रिय बाप, ब्राह्मण आई : सूत, काम घोडे आणि रथ. ब्राह्मण बाप, शूद्र आई : निषाद, काम मासे मारणं. मग या मिश्रणांची पुन्हा आपसांत मिश्रणं, त्यांचीही नावं, त्यांचीही कामं. इतकं काटेकोर नियमपुस्तक त्या अमेरिकन कंपनीलाही जमलेलं नाही. फासे तेवढे नव्हते, कारण डाव आधीच ठरलेला होता. ते पुस्तक २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळलं गेलं, तेव्हाही खेळाचा आत्मा गेला म्हणून रडणारे होतेच.

तेव्हा माझी पहिली भूमिका सरळ होती : कंपनीचं बरोबर, कोष्टक फेका. समीक्षकांना उत्तर म्हणून एवढं पुरलं असतं. पण लेख लिहायला बसलो आणि पुराणं पुन्हा चाळली, तिथे गाडी अडली.

पुराणांत वंश आहेत, पण ते मुळात वेगळे नाहीत. अदितीचे मुलगे आदित्य, म्हणजे देव. दितीचे दैत्य. दनूचे दानव. कद्रूचे नाग, विनतेचा गरुड. आया निरनिराळ्या, बाप एकच : कश्यप. (ज्याला आपलं गोत्र ठाऊक नाही त्यानं काश्यप सांगावं, असा आपल्याकडे रिवाजच आहे. ते उगीच नाही.) म्हणजे देव आणि दैत्य हे सावत्रभाऊ. समुद्र घुसळायला दोघं, दोर ओढायला दोघं, आणि अमृत निघाल्यावर वाटणी एकाच घराला. आमच्याकडे याला धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण म्हणतात. दर साली वखराच्या एका फेरीनं धुरा थोडा सरकतो, मग मोजणी, मग तहसील, मग कोर्ट, आणि तिसऱ्या पिढीला भाऊ हा भाऊ न राहता जन्मजात खलपुरुष होतो. ‘त्यांचं रक्तच तसं’ हे वाक्य मी चावडीवर जितक्यांदा ऐकलं, तितक्यांदा ते सख्ख्या चुलतभावाबद्दल होतं.

आणि विमानं? समीक्षकांना अवकाश हवं ना! महाभारताच्या वनपर्वात अर्जुन आकाशात तरंगणारं एक सोन्याचं नगर पाडतो : हिरण्यपूर. ते देवांचं नव्हे, कालकेयांचं. त्रिपुर म्हणजे सोन्याची, रुप्याची आणि लोखंडाची तीन फिरती पुरं. बांधणारा मयासुर. ती एका रेषेत आल्यावर शंकरानं एका बाणात जाळली, त्याची त्रिपुरी पौर्णिमा दिवाळी संपल्या संपल्या येते, आणि देवळादेवळांत आपण दिवे लावतो. विद्या, कारागिरी, उडती शहरं सगळी हरणाऱ्यांकडे. जिंकणाऱ्यांकडे वर आणि बाण. पांडवांनासुद्धा राजसभा हवी झाली तेव्हा मयासुरालाच हाक मारावी लागली. आता याच कालकेयांचं २०१५ च्या ‘बाहुबली’त काय झालं ते आठवा : काळेकुट्ट, किळसवाणे, किलिकी नावाची मुद्दाम घडवलेली भाषा किंचाळत धावणारे रानटी. सोन्याच्या नगरात राहणाऱ्यांना दोन-अडीच हजार वर्षांत आपण दगडांत नेऊन बसवलं. वंश असा तयार होतो.

हे सगळं ज्यानं दीडशे वर्षांपूर्वी ओळखलं, त्या माणसावर आता थोडा जास्त वेळ घेतो. संपादकांनी कात्री लावू नये.

जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ १८७३ चं. अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना मुक्त केलं, त्यांना ते अर्पण केलेलं आहे. जोतीराव आणि धोंडीबा यांचा संवाद, धोंडीबा विचारतो आणि जोतीराव सांगतात. आपण ते समाजसुधारणेचं पुस्तक म्हणून वाचतो आणि म्हणून अर्धंच वाचतो. ते कल्पित विश्वाच्या वाचनाचं पुस्तक आहे. दशावतार हे एक विश्व आहे, त्यात माशापासून सिंहापर्यंत सगळे प्राणी आहेत. फुले त्यातल्या प्रत्येक चमत्काराला कोर्टात उभं करतात. माशाच्या पोटी माणूस कसा जन्मेल? तेव्हा मत्स्य म्हणजे होड्यांतून समुद्रमार्गे आलेली पहिली टोळी. नरसिंह म्हणजे सिंहाचं सोंग घेऊन खांबाआड दडलेला मारेकरी. वामन हा बळीच्या राज्यावर चालून आलेला. आणि बळी हा या इथला, शेतकऱ्यांचा, न्यायी राजा. खंडोबा त्याच्या राज्यातला खंडाचा अधिकारी, म्हसोबा महासुभेदार. या हिशेबानं आमचा खंडेश्वरही बळीच्याच नोकरीत लागतो. गावच्या यादवकालीन हेमाडपंती देवळातल्या महादेवाला ही बढती आहे की बदली, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

भाषाशास्त्रज्ञ या व्युत्पत्त्यांना हसतात. हसू द्या. फुले शब्दकोश लिहीत नव्हते, ते उलटतपासणी घेत होते. आणि त्यांच्याकडे एक साक्षीदार होता ज्याला कुणी खोटा ठरवू शकलं नाही : पाडव्याला ओवाळताना घरोघरी बायका काय म्हणत आल्या? इडापिडा टळो, बळीचं राज्य येवो. वामनाचं नव्हे. वर्षाच्या सगळ्यात मोठ्या सणात, जिंकलेल्या देवाला बाजूला सारून, पाताळात घातलेल्या दैत्याचं राज्य मागायचं. समीक्षकमहाशय, राक्षस जन्मतः दुष्ट नसेल तर गोष्ट कशी चालेल, असं विचारलंत ना? तुमच्या घरीही चालत आली आहे, तुमच्या आजीच्या तोंडून.

त्याच पुस्तकातला माझा सर्वांत आवडता भाग म्हणजे परशुरामाला दिलेली नोटीस. परशुराम चिरंजीव आहे ना? मग तो कुठे तरी असणारच. सहा महिन्यांच्या आत हजर व्हावं. पुराणातल्या पात्राला त्याच्याच विश्वाचे नियम लावून समन्स काढणं ही कल्पना मला जगातल्या कुठल्याही अवकाशकथेत आढळलेली नाही. कथा खोटी आहे, असं फुले म्हणत बसत नाहीत. ती खरी धरतात आणि तिच्याकडे हिशेब मागतात.

पण इथेच फुल्यांवरचा आक्षेपही घ्यायला हवा. त्यांनी कोष्टक उलटं केलं, फाडलं नाही. इराणकडून आलेले भट कपटी, इथले भोळे आणि शूर. म्हणजे पुन्हा रक्त, पुन्हा जन्मतः स्वभाव, फक्त गुण या रकान्यातून त्या रकान्यात गेले. ही दुरुस्ती त्यांच्या सर्वांत मोठ्या शिष्यानं केली. १९३६ च्या ‘जातिसंहारा’तच बाबासाहेबांनी विचारलं होतं की, पंजाबचा ब्राह्मण आणि मद्रासचा ब्राह्मण यांचा वंश एक कसा, आणि पंजाबचा ब्राह्मण व पंजाबचा अस्पृश्य यांचे वंश वेगळे कसे? १९४६ च्या ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ मध्ये त्यांनी बाहेरून आलेल्या आर्य वंशाचा सिद्धान्त सरळ मोडीत काढला. शूद्र हे निराळ्या रक्ताचे नव्हेत, ते क्षत्रियांतलेच, ब्राह्मणांशी झालेल्या भांडणात उपनयन गमावून खाली ढकललेले. म्हणजे वंश नव्हे, तट. आणि हा ग्रंथ त्यांनी कुणाला अर्पण केला? जोतीराव फुल्यांना. ज्या पुस्तकात गुरूचा सिद्धान्त खोडला तेच गुरूच्या चरणी. गुरुदक्षिणा अशीही देता येते, त्याला अंगठा लागत नाही.

इथे मी अमेरिकन कंपनीचा हात सोडतो. कोष्टक पुस्तकातून पुसून टाकलं म्हणजे ते कुणी आखलं होतं तेही पुसलं जातं. बळीचं दैत्य असणं काढून टाका. मागे उरतो फसवला गेलेला एक दानशूर श्रीमंत. कर्णाचं सूत असणं काढा; स्वयंवराच्या मंडपात काही घडतच नाही. त्या नव्या नियमपुस्तकातून अर्ध-ऑर्क आणि अर्ध-एल्फ हे प्रकार गळाले. सूत, निषाद, अंबष्ठ म्हणजे नेमकी अशीच माणसं, आणि आपल्या कथा त्यांच्यापाशीच पेट घेतात. म्हणून वंश राहू द्यावेत. मात्र लेखकानं रकाना भरताना रकाना भरणाऱ्याचाही तट सांगावा.

मराठीत हे विश्व का झालं नाही, याचं समीक्षकांचं उत्तर मला पटत नाही. माझं असं आहे की, आपली विज्ञानकथा फार सज्जनांच्या हाती गेली. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये, म्हणजे तो अमेरिकन खेळ निघाला त्याच साली, मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, आपली आद्याक्षरं उलटी करून. आपलं नाव पाहून कुणी बक्षीस देऊ नये म्हणून. बक्षीस मिळालंच. जन्म आणि कीर्ती लपवून निव्वळ करणीवर उभं राहण्याचं हे दुर्मीळ उदाहरण. पण त्यांच्या वाटेनं गेलेल्या कथांत विज्ञान चोख ठेवण्याची काळजी इतकी की, भाऊबंदकीला जागा उरली नाही. भांडण नसलेल्या आकाशात मराठी माणूस किती वेळ रमणार?

राहिला निषाद. आमच्या नांदगावात एकलव्याच्या नावानं क्रीडा अकादमी आहे, तिथे मुलं-मुली धनुष्य चालवतात. (स्पर्धेतल्या आजच्या धनुष्याची दोरी तीन बोटांनी ओढतात, अंगठा मोकळाच असतो. द्रोणाचार्यांना आता दुसरं काही मागावं लागेल.) अंगठ्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक. तिच्यानंतर काय झालं ते फारसं कुणी सांगत नाही. हरिवंशात एकलव्याचा जन्मच बदलला : तो वसुदेवाचा भाऊ देवश्रवा याचा मुलगा, निषादांनी फक्त वाढवलेला. म्हणजे कृष्णाचाच चुलतभाऊ. निषादाला अशी विद्या आलीच कशी, याचं उत्तर सापडलं : तो निषाद नव्हताच. करणी कोष्टकात बसेना तेव्हा कोष्टक जपून जन्म दुरुस्त केला. हे जुन्या काळातच होतं असं समजू नका. ‘स्टार वॉर्स’मध्ये १९९९ साली दैवी शक्तीचं मूळ रक्तातल्या कणांत शोधलं गेलं. २०१७ च्या चित्रपटात रे या नायिकेला सांगितलं गेलं की, तुझे आईबाप कुणीच नव्हते, दारूसाठी मुलीला विकणारी माणसं. दोनच वर्षांनी, २०१९ मध्ये, ती सम्राटाची नात निघाली. हॉलिवूडला हरिवंश वाचण्याची गरज पडली नाही.

पण हरिवंश ज्याला जोडला आहे त्या महाभारतानं मात्र द्रोणपर्वात एक जागा तशीच ठेवली आहे. तिथे कृष्ण अर्जुनाला सांगतो की, तुझ्यासाठी द्रोणांनी त्याचा अंगठा घेतला. तो शाबूत असता, तर देव, दानव, राक्षस आणि नाग यांपैकी कुणालाही तो निषादपुत्र जिंकता आला नसता. विश्वातले सगळे वंश एका वाक्यात ओळीनं उभे केले आहेत आणि सगळ्यांच्या वर एका निषादाला ठेवलं आहे. हे सांगतो तो कृष्ण, ज्यानं त्याला ठार मारलं होतं.