शिवणातली माया



हन्नाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. मूल नसलेल्या या बाईने शिलो येथील प्रभूच्या मंदिरात रडून प्रार्थना केली. तिला शमुवेल झाला आणि त्याचे दूध तुटल्यावर नवसाप्रमाणे तिने त्याला मंदिरात अर्पण केले. मिस्सेत आपण ही गोष्ट बहुधा इथपर्यंतच ऐकतो. पण शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, दुसऱ्या अध्यायाच्या १९ व्या वचनात, आणखी एक लहानशी गोष्ट सांगितली आहे. शमुवेलाची आई दरवर्षी त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवी आणि वार्षिक यज्ञासाठी नवऱ्याबरोबर जाताना तो घेऊन जाई.

शिवताना मूल तिच्यासमोर नव्हते. वर्षभरात ते किती वाढले असेल, खांदे किती रुंदावले असतील, बाही कुठवर येईल, हे सारे तिला मनातच मोजावे लागत होते.

जव्हार-मोखाड्यातल्या आयांना हे समजावून सांगायला नको. आपली कितीतरी मुले आश्रमशाळेत नाहीतर वसतिगृहात राहतात आणि दिवाळीला व उन्हाळ्याच्या सुटीत घरी येतात. उलटेही घडते. भात-नागलीची कामे उरकली की अनेक घरांतली कर्ती माणसे वीटभट्टीच्या कामासाठी भिवंडी-वसईकडे उतरतात आणि लेकरे आजीजवळ राहतात. आईबाप परत येईपर्यंत गेल्या वर्षीचा सदरा आखूड झालेला असतो.

घरच्या माणसासाठी हाताने शिवलेले वस्त्र विकतच्या वस्त्राहून मोलाचे, असे आपण सहज म्हणून जातो. पण ते का मोलाचे, याचा विचार करायला हवा.

'त्यात श्रम आहेत म्हणून,' हे पहिले उत्तर. पण भट्टीवर विटा थापून मिळालेल्या मजुरीतून बापाने लेकीसाठी बाजारातून फ्रॉक आणला, तर त्यात श्रम नाहीत काय? हातचे तेवढे प्रेमाचे आणि विकतचे कोरडे, असा हिशेब मांडणे म्हणजे कष्टकरी बापावर अन्याय आहे. 'तसे दुसऱ्या कुणाकडे नसते म्हणून,' हे दुसरे उत्तर. पण शाळेतल्या मुलाला विचारून पाहा. त्याला वेगळे दिसायचे नसते, त्याला चार मुलांसारखे दिसायचे असते.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस इथे आपल्याला मदत करतात. ॲरिस्टॉटलचा आधार घेऊन ते सांगतात की, प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. देणगीबद्दल त्यांचे म्हणणे असे की, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिली जाते तीच खरी देणगी, आणि आपण कुणाला काहीही देतो तेव्हा सर्वांत आधी प्रेमच देत असतो. बाकीच्या देणग्या त्या प्रेमातून येतात.

आता, दुसऱ्याचे भले इच्छायचे तर तो दुसरा आहे तरी कसा, हे माहीत हवे. शिवणारी व्यक्ती यातून सुटू शकत नाही. गळा डोक्यातून जाईल का, काखेत काचेल का, हे तिला टाक्याटाक्याला विचारावे लागते. नव्या बाळासाठी आजी आपल्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचे झबले शिवते. त्या कापडाला बाजारात काही किंमत नाही. पण बाळाच्या कातडीला नवे कोरे कापड टोचेल, हे तिला कळते. हाताने शिवलेल्या वस्त्राचे मोल या जाणण्यात आहे. म्हणूनच भट्टीवरून फोन करून 'पोर आता केवढी झाली, मागचा फ्रॉक कुठवर येतो?' असे विचारून मगच खरेदी करणारा बापही हन्नाच्याच रांगेत बसतो. आणि ज्याने कधी विचारलेच नाही, त्याचे महागडे कापडही परक्याने दिल्यासारखे अंगावर बसते.

शिवणकामात आणखी एक शब्द आहे. शिलाईच्या आत जे जास्तीचे कापड सोडतात, त्याला आपण 'माया' म्हणतो. मूल वाढले की शिवण उसवून ती माया सैल करता येते. आमच्या मते या शब्दात मोठे तत्त्वज्ञान आहे. प्रेमाने आजचे माप नेमके ओळखावे आणि उद्याच्या वाढीला जागाही ठेवावी. आपल्या मनातल्या मापात मुलाला कायमचे बसवू पाहणारे प्रेम लवकरच काचू लागते.

दोन ठिकाणी मात्र जपावे लागते. याकोबाने योसेफासाठी खास झगा करवला. तो योसेफाला शोभला असेल, पण बाकीच्या मुलांच्या मनाचे माप बापाने घेतले नाही. शेवटी तोच झगा रक्तात बुडवून त्याच्यापुढे आला. घरात एकाला देताना इतरांचे डोळेही पाहावेत.

दुसरी गोष्ट परतफेडीची. 'रात्र रात्र जागून शिवले आणि तू एकदाही घातले नाहीस,' असे म्हटले की देणगीचे कर्ज होते. हन्ना झगा देई आणि घरी परत जाई. प्रभू येशूचा अंगरखा वरपासून खालपर्यंत अखंड विणलेला होता, असे संत योहान सांगतात. परंपरेने तो पवित्र मरियेच्या हातचा मानला आहे. त्या अंगरख्यावर शिपायांनी क्रुसाखाली चिठ्ठ्या टाकल्या. दिलेल्या वस्तूचे पुढे काय होईल, हे देणाऱ्याच्या हाती नसते. म्हणून तिच्यात घातलेले प्रेम वाया गेले, असे कोण म्हणेल?

या आठवड्यात आपण प्रत्येकाने स्वतःला एक प्रश्न विचारू या. माझ्या घरच्या कुणाचे माप मला आज ठाऊक नाही? आश्रमशाळेतल्या लेकाचे, भट्टीवरच्या सुनेचे, की एकाच छपराखाली राहणाऱ्या म्हाताऱ्या बापाचे? सुईदोरा त्यानंतर हातात घेऊ. आधी त्यांची विचारपूस करू या, आणि जे काही देऊ त्यात थोडी माया सोडू या.

प्रभू आपल्या घरांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू