साक्ष बाजूला ठेवणे आणि माणूस बाजूला ठेवणे

पुराच्या प्रदेशात माणसांचा शोध घेण्यासाठी दहा-बारा फिरते यंत्रमानव पाठविले आहेत, अशी कल्पना करा. त्यांचा कोणी अमीर नाही. प्रत्येक जण शेजाऱ्यांशी बिनतारी संदेशांनी बोलतो आणि कोठे जमायचे ते परस्परांच्या सांगण्यावरून ठरते. त्यांतील एकावर कोणा दुष्टाने ताबा मिळविला व तो हेकटपणे एकच खोटे स्थान सांगत राहिला, तर सरासरी काढून चालणारा सारा जथा त्याच्यामागे फरफटत जातो.

१९८२ साली लॅम्पोर्ट, शोस्टाक व पीज यांनी हाच प्रश्न सेनापतींच्या रूपकाने मांडला. केवळ तोंडी निरोपांवर विसंबणाऱ्या तिघांत एक फितूर असेल, तर उरलेल्यांचे खात्रीचे एकमत अशक्य. त्यासाठी किमान चौघे हवेत, हे त्यांनी सिद्ध केले. पहिला दुसऱ्याला खोटा म्हणतो, दुसरा पहिल्याला. तिसऱ्याने कोणाचे ऐकावे? (आपल्या घराघरांतील किती भांडणे ह्याच तिघांची असतात!)

पुढे यंत्रमानवांसाठी एक रीत निघाली. प्रत्येकाने शेजाऱ्यांकडून आलेल्या आकड्यांपैकी आपल्या आकड्याहून फार मोठे व फार लहान असे ठरावीक आकडे सोडून द्यावेत आणि उरलेल्यांवरून पुढची चाल ठरवावी. येथे कोणालाही द्रोही ठरविले जात नाही. ज्याचा संवेदक बिघडला तो आणि ज्याला शत्रूने फितविले तो, हे दोघे बाहेरून सारखेच दिसतात.

हदीसच्या इमामांना हा भेद ठाऊक होता. इजिप्तचे काझी अब्दुल्लाह इब्न लहीआ (र.) यांचे निधन हिजरी १७४ मध्ये झाले. त्यांचे ग्रंथ जळाले व नंतर त्यांची स्मृती ढळली, असे सांगितले जाते. अनेक विद्वानांनी त्यांची नंतरची कथने कमकुवत मानली, परंतु अब्दुल्लाह इब्न मुबारक (र.) यांच्यासारख्या जुन्या शिष्यांनी त्यांच्याकडून घेतलेली कथने तुलनेने भक्कम ठरविली. साक्ष तोलली गेली. नियतीचा निवाडा अल्लाहकडेच राहिला. सूरह अल-हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा सहाव्या आयतीत आहे, तर संशय, हेरगिरी व चहाडी यांना मनाई बाराव्या आयतीत. ह्या दोन्ही आज्ञा एकाच सूरहमध्ये असाव्यात, हे मला अर्थपूर्ण वाटते.

परंतु एक अडचण उरते. वाढते पाणी एकट्यालाच दिसले असेल तर? वरील रीतीत त्याचा खरा आकडाही गळतो. म्हणून दुसऱ्या काही पद्धतींत शेजारी आपल्या संवेदकांनी त्या यंत्राची प्रत्यक्ष चाल पाहतात आणि ती ठरलेल्या नियमांशी ताडून बघतात. बहुमतावर न थांबता जाऊन पाहणे, हीच शहानिशा.

माझ्या परिचयाच्या एका जमातीत एका सभासदाने जमाखर्च जुळत नसल्याचे सांगितले. तो एकटाच होता. त्याला फितनाखोर म्हटले गेले. काहींनी त्याच्या सलामाला उत्तर देणेही सोडले. तो चुकलेला असू शकतो, खोटाही असू शकतो. हिशेबाची वही कपाटात आहे आणि ती अजून कोणीही उघडलेली नाही.