न दिसणारी गाठ

नकली माशी गळाला लावून मासे धरणाऱ्याची जाड दोरी साधारण नव्वद फूट. तिच्यामागे चाकावर बारीक, चिवट डेक्रॉनचा राखीव दोर असतो. दोहोंना सांधायला फ्लॉरिडाच्या जिमी ऑलब्राइटच्या नावाची गाठ मारावी, की दोरीत रुतून बसणारी खिळ्याची गाठ, यावर जाणकार वाद घालतात. गंमत ही, की ती गाठ सहसा कुणाच्या दृष्टीसच पडत नाही. लहान मासा तिथवर दोर ओढीतच नाही. एखादाच बोनफिश सुसाट निघतो, तेव्हा ती काठीच्या कड्यांतून सरकते. आणि तेव्हा ती पुन्हा मारायला सवड नसते.

माणसामाणसांतला विश्वासही असाच नाही का? रोजच्या गोडीगुलाबीत त्याची परीक्षा होत नाही. संकटात होते; पण गाठ मात्र निवांतपणी, कुणी पाहत नसतानाच मारून ठेवावी लागते.