ईश्वरेच्छा कीं घरची रीत?

घरांतील भगिनी वर्षानुवर्षें फिकट व थकलेली दिसली, म्हणजे आम्ही ‘देवाची इच्छा’ असें म्हणून स्वस्थ बसतों. प्रिय वाचकहो, हा न्याय खरा काय? हिंदुस्थानांत २०१९-२१ सालीं झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ स्त्रियांस रक्तक्षय आढळला. ह्याचीं कारणें अनेक आहेत. तथापि एक आमच्या चुलीपाशींच आहे. पुरुष व मुलें जेवल्यावर उरेल तें तिच्या वांट्यास येतें, आणि डाळ, भाजी तर बहुधा उरतच नाहीं. एका दिवसाच्या उपवासानें कोणी खंगत नाहीं. रोजच्या उण्यानें मात्र रक्त आटतें, आणि पोटांतलें मूलही त्याचा भोग भोगतें.

करिंथ येथील मंडळींत कांहींजण आधींच जेवीत व दुसरे भुकेले राहत, म्हणून पौलानें त्यांस दोष लाविला. तो दोष आमच्या घरीं नाहीं काय? जें आमच्या हातीं आहे तें देवावर ढकलणें ही नम्रता नव्हे. तर सर्वांनीं एकत्र बसावें. बाजरीची भाकर, पालेभाजी, मोडाची मटकी व लिंबाची फोड तिच्याही ताटांत पडावी. जेवणाबरोबर चहा नसावा, कारण त्यानें अन्नांतील लोह अंगीं कमी लागतें. आणि भोजनाची उपकारस्तुति तिचें ताट वाढल्यावरच करावी.